खुरावरचा नंबर

माझ्या धाकट्या भावानं फोटो पाठवला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होते. वारंगा फाट्यावर आमचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. नवरा गल्ल्यावर बसून गोड बोलतो, मी माल काढते आणि तोंड वाजवते, अशी आमची वाटणी. पंचवीस वर्षं बेअरिंग आणि फिल्टरवरचे नंबर वाचून माझं असं झालंय की कुठलाही आकडा एकदा पाहिला की डोक्यात बसतो. यात कौतुक काही नाही. एक आकडा चुकला की गिऱ्हाईक लांबून परत येतं आणि आपल्याच काउंटरवर उभं राहून आपला उद्धार करतं.

फोटो एका काळ्या दगडाचा होता. आमचं माहेर सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या बाजूला. गावातून फौजेत गेलेल्या माणसांची नावं कोरून तो दगड शाळेच्या आवारात बसवायचा, असं ग्रामपंचायतीनं ठरवलं होतं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की अनावरण. दगड हिंगोलीत कारागिराकडं तयार होऊन पडला होता, भाऊ तिथं जाऊन फोटो काढून आला होता. दगडावर पाच नावं होती. सगळ्यात वर एकाहत्तरच्या लढाईत गेलेल्या जवानाचं. गावाचा लढाईत कामी आलेला तो एकच. त्याच्या खाली आमच्या वडिलांचं, म्हणजे आबांचं. प्रत्येक नावापुढं फौजेतला नंबर.

मी फोटो मोठा करून पाहिला आणि गिऱ्हाइकाला म्हटलं, "थांबा जरा."

आबांचा नंबर चुकला होता. म्हणजे एखादा आकडा इकडचा तिकडे झालाय, असंही नव्हतं. इतर चौघांचे नंबर लांबलचक, आणि आबांच्या नावापुढं चारच आकडे. आबांचा खरा नंबर मला तोंडपाठ आहे. दर नोव्हेंबरात त्यांच्या पेन्शनीसाठी हयातीचा दाखला मीच भरून देते. ऐंशी वर्षांचा माणूस जिवंत असल्याचं सरकारला कळवायचं काम माझ्याकडं आहे. त्यामुळं माझं डोकंच सणकलं. पंधरा ऑगस्टला चार दिवस राहिले होते.

त्या नंबरासाठी मी एवढी का पेटले, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

आबा विशीच्या आत फौजेत गेले. त्यांच्या कागदावर हुद्दा 'ड्रायव्हर' असा होता. गावानं साहजिकच समजून घेतलं की आमचा माणूस फौजेची मोठी गाडी चालवतो. आबा सुट्टीवर यायचे तेव्हा कुणी त्यांना विचारलं नाही, आणि आबांना विचारल्याशिवाय बोलायची सवय नाही. पंधराएक वर्षं नोकरी करून ते परत आले, तेव्हा मी सहा-सात वर्षांची होते. पुढं गावात पहिला ट्रॅक्टर आला. मालकानं तो शहरातून दुसऱ्याच्या हातून आणवला होता, आणि आता तो वेशीतून वाजतगाजत आत न्यायला गावचा ड्रायव्हर पाहिजे होता. नारळ फुटला, बाया ओवाळायला उभ्या राहिल्या, आबांना बोलावणं गेलं. आबा आले, ट्रॅक्टरकडं पाहिलं आणि म्हणाले, "मला हे चालवता येत न्हाई. मी खेचरं चालवायचो."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग जे हसू फुटलं ते मला अजून ऐकू येतं. डोंगरात जिथं गाडी जात नाही तिथं दाणागोटा, पाणी आणि दारूगोळा खेचरांच्या पाठीवरून जातो, आणि खेचर सांभाळणाऱ्या जवानालाच तिथं ड्रायव्हर म्हणतात, हे ऐकून घ्यायला कुणी थांबलं नाही. आमच्या गावानं खेचर पाहिलेलं नव्हतं, गाढव पाहिलेलं होतं. त्या दिवसापासून आबा गाढववाले झाले आणि मी गाढववाल्याची पोरगी. शाळेत माझ्या दप्तरावर खडूनं लांब कान काढलेले असायचे. मी दोन पोरांचे दात हलवले, तरी कान काढणं काही थांबलं नाही. आबांना यातलं काही लागत नसे. मला मात्र लागायचं, आणि आतापर्यंत लागतं, हे कबूल करायला लाज कसली?

म्हणून तो दगड मला हवा होता. ज्या गावानं दात काढले, त्या गावाच्या शाळेत, माझ्या वडिलांचं नाव आणि त्यांचा नंबर. लढाईला गेलेला माणूस म्हणून. आणि ऐन वेळी नंबरच चुकीचा!

मी ग्रामसेवकाला फोन लावला. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "ताई, फौजींनी स्वतःच्या हातानं लिहून दिलंय. चिठ्ठी आहे माझ्याकडं." त्यानं चिठ्ठीचा फोटो पाठवला. अक्षर आबांचंच होतं, वळणदार, एक रेघ पुढंमागं नाही. मला वाटलं, झालं, आबांचं डोकं चालेना. मग मी सरपंचांना फोन केला. ते म्हणाले, "कारागीर तेवढी ओळ घासून पुन्हा कोरून देतो म्हणतो. पण उद्या दुपारपर्यंत पक्कं सांगा. नंतर दगड बसवायला निघेल."

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली गाडी धरून मी गावी गेले.

आबा गोठ्यापुढं बाजेवर बसून दोर वळत होते. बैलजोडी होती, भाऊ अजून बैलं ठेवतो. मी पिशवी खाली ठेवायच्या आधीच सुरू झाले. नंबर कसा विसरलात, विसरलात तर मला विचारायचं, एवढा मोठा दगड, तालुक्याची माणसं येणार, वगैरे वगैरे.

"काहून वरडून राहिली?" आबा म्हणाले. "मी इसरलो न्हाई. माझा नंबर मला म्हाईत हाय."

"मग हा कुणाचा लिहून दिला?"

"त्याचा."

"कुणाचा त्याचा?"

"माझ्या खेचराचा."

मी बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसले. फौजेत प्रत्येक खेचराला नंबर असतो आणि तो त्याच्या खुरावर डागलेला असतो, एवढं मला ऐकून माहीत होतं. पण माझ्या बापानं आपला नंबर पुसून तिथं जनावराचा घालावा, हे माझ्या गळी उतरेना. मी जे बोलले ते आता लिहिताना बरं वाटत नाही. मी म्हटलं, "गाव गाढववाला म्हणत होतं ते कमी पडलं का? आता दगडावर कोरून घेताय?"

आबा चिडले नाहीत. दोर बाजूला ठेवला. "नाव लिहायला जागा असती तर त्याचं नाव लिवलं असतं," ते म्हणाले. "पर त्याला नाव न्हवतं. नंबरच व्हता. अन् दगडावर नंबराची जागा माझ्याच नावापुढं व्हती."

"आणि तुमी? तुमी काहीच केलं न्हाई का?"

"म्या काय केलं, ते मला म्हाईत हाय."

मग त्यांनी सांगितलं. साठ वर्षांत हे त्यांनी माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या बोलण्यातले थांबे काढून सांगते आहे, कारण थांबे फार होते.

पासष्ट सालचा श्रावण. काश्मीरच्या डोंगरात लढाईला तोंड फुटलं होतं. आबा एकवीस वर्षांचे. त्यांच्याकडं एक काळपट खेचर होतं, दुसरं कुणी जवळ गेलं की चावायचं, आबांना मात्र कधी लाथ मारली नाही. वरच्या चौकीवर दारूगोळ्याच्या पेट्या न्यायच्या. कुठलं खेचर कुठल्या दिवशी वर जाणार, याची पाळी लावलेली असे. घरून पोस्टकार्ड आलेलं होतं आणि त्यात पोळ्याची तारीख होती. आबांनी पाहिलं तर नेमकी त्याच दिवशी त्यांच्या खेचराची पाळी.

"आपल्याकडं पोळ्याला जनावराच्या खांद्यावर जू ठेवत न्हाईत," आबा म्हणाले. "मंग पाठीवर वझं कसं ठेवावं? मला झोप येईना."

ते हवालदाराकडं गेले. हवालदार वरच्या मुलखातला, त्याला पोळा काय ठाऊक. आबांनी मोडक्या हिंदीत समजावलं की आमच्या गावात एक दिवस जनावर राजा असतं. हवालदार हसला आणि म्हणाला, "जा, राजा को छुट्टी दे दे." आबांच्या खेचराच्या जागी दुसऱ्या दिवशीचं खेचर जायचं आणि त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी आबांचं, अशी अदलाबदल ठरली.

आदल्या संध्याकाळी आबांनी लंगरातून, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातून, चिमूटभर हळद आणि थोडं मोहरीचं तेल मागून आणलं आणि त्याचे खांदे मळले. आज आवतन घ्या, उद्या जेवायला या, असं त्याच्या कानात सांगितलं. दुसऱ्या दिवशी गूळ घालून रोटी चारली, त्यानं खाईपर्यंत स्वतः तोंडात काही घातलं नाही. बाकीचे जवान पोट धरून हसत होते, मग तेही एकेक गुळाचा खडा घेऊन आले. "त्या दिशी त्यानं कुणालाच चावलं न्हाई," आबा म्हणाले. बदलीवर गेलेलं दुसरं खेचर संध्याकाळी धडधाकट परत आलं. त्या दिवशी डोंगर गप्प होता, एक गोळा पडला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, पहाटे आबा आणि त्यांचं खेचर दुसऱ्याच्या पाळीवर निघाले. एका वळणावर गोळाफेक सुरू झाली. वाट अरुंद, एका बाजूला कड्याची भिंत. खेचर उघड्या बाजूला होतं, आबा त्याच्या आणि कड्याच्या मधे. गोळा फुटला तो सगळा त्या जनावरानं अंगावर घेतला. ते पुढच्या गुडघ्यांवर बसलं, पाठीवरच्या पेट्यांसकट. आबांनी पट्टे कापले, मागून आलेल्या जवानांनी पेट्या खांद्यावर घेऊन वर नेल्या. आबा दोर धरून तिथंच बसून राहिले. त्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं.

"सगळे म्हणले, तुझं नशीब चांगलं," आबा म्हणाले. "अरे, नशीब कुठलं? त्याची पाळी व्हती ती सुखरूप गेली. त्याच्यावर ही पाळी म्या आणली. पोळा करायला गेलो अन् मरणाच्या दारात नेऊन उभं केलं त्याला. वर त्याच्याच आडोशानं वाचलो."

"तुमाला काय ठाऊक, आबा, कोणत्या दिवशी गोळे पडतील?"

"व्हय, ठाऊक न्हवतं." त्यांनी दोर पुन्हा हातात घेतला. "तरी बी."

खाली तळावर रजिस्टरात त्याच्या नंबरावर लाल रेघ मारली गेली. बस्स. माणूस गेला तर घरी तार जाते. याच्या घरी कळवायचं तर घर कुठं होतं? आबांनी तो नंबर तेव्हापासून डोक्यात ठेवला. दर वर्षी करीच्या दिवशी आबा जेवत नाहीत, हे आम्हाला माहीत होतं. आम्हाला वाटायचं पुरणपोळी जास्त झाली असेल.

मी गप्प बसले. माझ्या बाबतीत ही बातमी आहे. मग मला एक अडचण सुचली, आणि खरं सांगायचं तर ती मी मुद्दाम शोधून काढली, कारण मला अजूनही आबांचाच नंबर हवा होता. मी म्हटलं, "वरच्या ओळीत गेलेल्या माणसाचं नाव आहे. त्याच्याखाली जनावराचा नंबर. त्यांच्या घरच्यांना कळलं तर काय वाटेल?"

"खालाला इचारलं म्या," आबा म्हणाले. "तिनं हो म्हणल्यावरच चिठ्ठी दिली."

खाला म्हणजे त्या एकाहत्तरात गेलेल्या जवानाची बायको. त्यांचं घर मशिदीमागच्या गल्लीत, पिढ्यान्‌पिढ्या शिंपीकाम करणारं. नवरा गेला तेव्हा तिचं वय वीस-बावीस असेल. सगळा जन्म तिनं मशीनवर गावाचे कपडे शिवून काढला, माझे शाळेचे परकरही तिनंच शिवलेले. गावात लहानथोर सगळे तिला खालाच म्हणतात. मी दुकानदार बाई, कुणी सांगितलं म्हणून माल घेत नाही, खात्री करते. तशीच उठले आणि तिच्याकडं गेले.

खाला दारात बसून तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "खाला, आबांनी तुमाला दगडाचं सांगितलं का?"

"हौ, बोले ना भाई," ती म्हणाली. "आके यहींच बैठे. कित्ती देर तो बोलेच नहीं. फिर बच्चे के जैसे रोए."

आबा रडले, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मी विचारलं, "तुमाला राग नाही आला? तुमच्या माणसाच्या खाली जनावराचा नंबर?"

तिनं सूप बाजूला सरकवलं. "देख बेटा, मेरा आदमी गया तो पूरा गाँव आया. तेरी माँ आठ दिन रोटी लेके आती थी. मैं रोई, मेरी सास रोई. उसका कोन था? उसका तो रोनेवाला बी एकच, अन् वो बी किसी को बोल नहीं सका. लिखने दे. पत्थर पे जगा है ना?"

मला तिथं बसवेना. मी चहासुद्धा न घेता उठले. गल्लीतून येताना मला माझाच राग येत होता. आबांसाठी म्हणून जे मी मागत होते ते आबांना कधी नकोच होतं. मला नको होते ते दप्तरावरचे कान. पन्नाशी ओलांडलेली बाई मी, आणि मला गावाचं तोंड बंद करायला बापाचा नंबर पाहिजे होता.

शाळेपाशी पोहोचले तेवढ्यात सरपंचांचा फोन आला. "ताई, कारागीर थांबलाय. नंबर बदलायचा ना? खरा कोणता ते सांगा."

खरा नंबर माझ्या जिभेवर होता. "दगडावरचा बराबर आहे," मी म्हटलं. "मी तपासला. माझीच चूक झाली." माझ्या तोंडून 'माझी चूक' हे शब्द गावानं बहुधा पहिल्यांदा ऐकले असतील.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं. तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांनी दगडावरचा कपडा काढला. दगड छान दिसत होता. भाऊ आबांना स्वच्छ धोतर आणि काळा कोट घालून घेऊन आला होता. पुढच्या खुर्च्यांवर फौजेतले तिघं म्हातारे, आबा आणि खाला. मी मागं बायांमधे उभी होते. भाषणं झाली. त्यात शौर्य, बलिदान, मातृभूमी हे शब्द इतक्या वेळा आले की मला जांभई आली. मग मुख्याध्यापक एकेक नाव आणि नंबर वाचू लागले. नाव वाचलं की ज्याचं त्यानं उभं राहायचं आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या, असं ठरलं होतं.

पहिलं नाव वाचलं तेव्हा खाला उभी राहिली. पदर सारखा केला. सगळं आवार शांत होतं, कुणी टाळी वाजवली नाही, आणि ते चांगलंच झालं.

मग आबांचं नाव वाचलं गेलं. आबा बसूनच राहिले. भावाला वाटलं ऐकू गेलं नसेल, तो मागून त्यांच्या खांद्याला हात लावायला लागला. मागं एक पोरगा दुसऱ्याला काहीतरी सांगून हसला. मुख्याध्यापकांनी एकदा आबांकडं पाहिलं, पुन्हा कागदाकडं पाहिलं आणि नंबर वाचला. चार आकडे, एकेक करून.

आबा उठले. गेली काही वर्षं ते काठीशिवाय उठत नाहीत. त्या दिवशी काठी खुर्चीलाच राहिली. टाचा जुळवून, छाती काढून ते उभे राहिले आणि शाळेच्या भिंतीवर आपटून परत येईल एवढ्या मोठ्या आवाजात ओरडले, "हाजिर, साब!"

सगळं गाव हसलं, मायेनं हसलं, आणि मग कडकडून टाळ्या पडल्या. म्हाताऱ्याची फौजेतली सवय अजून गेली नाही, असं माझ्या शेजारची बाई म्हणाली. खालानं मागं वळून मला शोधलं. तिला मी दिसले की नाही कोण जाणे, कारण मला काही दिसत नव्हतं. आबा कितीतरी वेळ तसेच उभे होते. मुख्याध्यापकांनी पुढचं नाव वाचलं तरी ते बसेनात.